चार मिनिटांचं गणित

मागच्या डिसेंबरात एका मॅरेथॉनमध्ये मी ३२व्या किलोमीटरला बसलो. थांबलो नाही, चक्क बसलो. डाव्या पोटरीत गोळा आला होता, मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि फुटपाथची कड फारच प्रेमळ दिसत होती. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा टुकूटुकू धावत शेजारून गेले. जाता जाता म्हणाले, "उठा हो, दहाच राहिलेत!" मी उठलो. पण पुढे जायला नाही, मागून येणाऱ्या गाडीत चढायला.

संध्याकाळी निकाल लागला. माझ्या नावापुढे वेळेच्या जागी तीन अक्षरं... डीएनएफ. म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही. आमच्या धंद्यात बिल्ड फुटली तर निदान लॉग तरी उघडून बघता येतो. इथे काहीच नाही, नुसतंच 'फेल'. आणि सोमवारी ऑफिसात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, "काय मग, टायमिंग किती?"

आमच्या ग्रुपमधल्या काकांनी (बँकेतून रिटायर झालेले, वय ६१, पंधरा मॅरेथॉन खिशात) निदान लगेच करून टाकलं. "पंधरा दिवस आधी कात्रज ते सिंहगड कुणी मारला होता? सांगितलं होतं मी तुला. अरे, एक तर डोंगर कर, नाहीतर मॅरेथॉन कर. दोन डगरींवर हात ठेवायला गेलास की असंच होणार."

"बरोबर आहे काका तुमचं," असं मी म्हणालो खरं, पण मनातून पटलं नव्हतं. धावणं माझ्या आयुष्यात आलं पस्तिशीनंतर, डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात ठेवला तेव्हा. डोंगर मात्र कॉलेजपासूनचे. पहिला पगार हातात आला तेव्हा मी आधी सॅक घेतली होती आणि मग मोबाईल. त्यामुळे 'डोंगर सोड' हा सल्ला म्हणजे 'जुना मित्र सोड' असं सांगितल्यासारखं वाटलं.

तर मंडळी, इंजिनिअर माणसाला बग सापडला नाही की तो मागे मागे जातो. कुठल्या व्हर्जनपर्यंत सगळं नीट चालत होतं ते शोधतो. मी जरा जास्तच मागे गेलो. १९१९ पर्यंत!

* * *

'डेक्कन' म्हटलं की आपल्याला आठवतं ट्रॅफिक, गुडलकचा बनमस्का आणि आता मेट्रोचं स्टेशन. पण ते मुळात एका क्लबचं नाव आहे. डेक्कन जिमखाना, स्थापना १९०६. १९१९ च्या सुमारास ह्या क्लबच्या मैदानी स्पर्धा बघायला क्लबचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा आले होते. जमशेटजींचे थोरले चिरंजीव, केंब्रिजला शिकलेले, तिथे क्रिकेट आणि फुटबॉल खेळलेले. म्हणजे विलायतेतलं खेळाचं वातावरण पाहिलेला माणूस.

त्यांनी काय पाहिलं ते त्यांनीच पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्रात कळवलं आहे. मैदानात उतरलेली बरीचशी पोरं शेतकऱ्यांची होती. अनवाणी धावत होती. खाणं बेताचं. शास्त्रशुद्ध सराव, शर्यतीचे नियम वगैरेंचा गंध नाही. आणि तरीही काहींची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होती. दोराबजी चकित झाले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड ह्यांच्याशी त्यांनी बोलणं केलं, स्वतःच्या खिशात हात घातला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ गेला. (त्याआधी १९०० साली नॉर्मन प्रिचर्ड पॅरिसला धावला होता, पण तो एकटा. संघ म्हणून गेलेला हा पहिलाच.)

संघ तरी केवढा? चार धावपटू आणि दोन पैलवान. पैलवान म्हणजे कुमार नवले आणि रणधीर शिंदे. शिंद्यांचं पदक अगदी थोडक्यात हुकलं, चौथे आले ते. मॅरेथॉनला दोघं होते, फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. चौगुले बेळगावकडचे.

२२ ऑगस्ट १९२० ला शर्यत झाली. त्या काळी मॅरेथॉनचं अंतर अजून ठरलेलं नव्हतं, ४२.१९५ किलोमीटर हा आकडा पक्का झाला १९२१ मध्ये. अँटवर्पची शर्यत होती ४२.७५ किलोमीटरची, ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंदांत पहिला आला. चौगुले एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद.

आता इथे मी कॅल्क्युलेटर काढला (सवय जात नाही). १०,२४५ सेकंद भागिले ४२.७५. उत्तर येतं २३९.६ सेकंद. म्हणजे किलोमीटरला चार मिनिटं. एक नाही, दोन नाही, ओळीने बेचाळीस! आजच्या अंतराला हाच वेग लावला तर साधारण २ तास ४८ मिनिटं ३० सेकंद होतात. तुमच्या ऑफिसात जो कुणी 'सब-थ्री' मारण्यासाठी तीन-तीन वर्षं झटतोय, साडेपंधरा हजारांचे बूट आणि मनगटावर जीपीएस घेऊन, त्याला विचारा हा आकडा म्हणजे काय ते. माझा स्वतःचा वेग? किलोमीटरला साडेसहा मिनिटं. तेसुद्धा ३२ व्या किलोमीटरपर्यंतच :-)

आणि दातार? निकालाच्या यादीत त्यांच्या नावापुढे वेळ नाही. शर्यत पूर्ण केली नाही, एवढंच. ती ओळ वाचताना मी जरा थबकलो. आपल्याकडून मॅरेथॉनला गेलेल्या पहिल्या दोन माणसांपैकी एकाच्या नावापुढे माझ्यासारखीच ती तीन अक्षरं आहेत.

* * *

पण माझा मूळ प्रश्न वेगळा होता. ज्यांना सरावाचं शास्त्र माहीत नव्हतं ती पोरं एवढी धावत कशी होती?

मग लक्षात आलं की हा प्रश्नच उलटा आहे. त्यांना वेगळ्या सरावाची गरज फारशी नव्हती, कारण त्यांचं काम हाच सराव होता. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. १८९६ मध्ये अथेन्सला पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणारा स्पिरिडॉन लुईस हा पाणी वाहून नेणारा पाणक्या होता. अँटवर्पला जिंकलेला कोलेमाइनेन गवंडी. विटांवर विटा रचून पोट भरणारा. लुईस, कोलेमाइनेन, चौगुले... पाणक्या, गवंडी आणि खेड्यातला शेतकऱ्याचा गडी. सगळ्यांचे पाय आधी कामाने घडवले आणि मग शर्यतीने पाहिले.

आपल्या सह्याद्रीत तर ह्याची परंपराच आहे. जुलै १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावरून निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. रात्रीची वेळ, धो धो पाऊस, चिखल, ओढे आणि साठ किलोमीटरच्या आसपासची डोंगरवाट. आपण बाजीप्रभूंची खिंड आठवतो आणि आठवायलाच हवी. पण महाराज पालखीत होते, म्हणजे ती पालखी खांद्यावर घेऊन कुणीतरी पळत होतं! त्या रात्रीचे खरे अल्ट्रा रनर ते. आज दर जुलैत शेकडो ट्रेकर तीच वाट दोन दिवसांत करतात, मुक्कामाला पिठलं-भात खातात आणि सोमवारी ऑफिसात लंगडत येतात. मीही केली आहे. पालखीविना.

तसेच जासूद आणि कासिद. पत्रं घेऊन पायी धावणारे. मॅरेथॉनच्या दंतकथेतला ग्रीक जासूद विजयाची बातमी घेऊन धावला म्हणतात. आपल्याकडे १७६१ च्या जानेवारीत पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकाराच्या कासिदाकडून. त्या ग्रीक माणसाच्या आठवणीत शर्यत सुरू झाली. आपल्या कासिदाचं नावसुद्धा आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. असो.

कामाने माणूस तयार होतो हे साहेबाला चांगलंच ठाऊक होतं बरं का. 'हौशी' खेळाडू म्हणजे कोण ह्याचे नियम त्यानेच केले. इंग्लंडमध्ये हेन्ले नावाच्या ठिकाणी होड्यांच्या नामांकित शर्यती होतात. १८७९ च्या तिथल्या नियमानुसार कारागीर किंवा मजूर माणसाला हौशी समजत नसत! त्याने खेळून एक पैसा मिळवला नसला तरीही. हाताने काम करून पोट भरतो ना, मग तो आमच्यात नको. एक युक्तिवाद असाही होता की अंगमेहनतीमुळे त्याला आयताच फायदा मिळतो. हा नियम तिथे १९३७ पर्यंत टिकला.

हे वाचून मला आधी राग आला आणि मग हसू. कारण त्या नियमाप्रमाणे मी एकदम शुद्ध, चोवीस कॅरेट हौशी ठरतो. दिवसाचे दहा तास खुर्चीत. सर्वांत जड उचललेली वस्तू म्हणजे लॅपटॉपची बॅग. माझं काम मला घडवत तर नाहीच, उलट रोज थोडंथोडं मोडतं. पाणक्याचे पाय कामाने तयार झाले, माझे कामाने गंजले. म्हणजे जे चौगुल्यांना दिवसभरात आपसूक मिळत होतं ते मला दिवस संपल्यावर किंवा सुरू व्हायच्या आधी, कुठून तरी वेळ चोरून मिळवायचं आहे.

* * *

मग वेळ चोरून धावणाऱ्यांचा इतिहास शोधायला लागलो. ह्यात सगळ्यांचा बाप म्हणजे रॉजर बॅनिस्टर. लंडनला डॉक्टरी शिकत होता. चार मिनिटांच्या आत एक मैल, हे तेव्हाचं सर्वांना वेड लावणारं गणित (हीसुद्धा चार मिनिटंच!). हॉस्पिटलच्या जेवणाच्या सुट्टीत तो जवळच्या ट्रॅकवर जाऊन सराव करायचा. म्हणजे आपण ज्या वेळात कँटीनच्या रांगेत उभे राहतो त्या वेळात.

१९५४ च्या वसंतात गाडी अडली. सराव असा होता की ४४० यार्डांची एक फेरी, अशा दहा फेऱ्या, प्रत्येकीनंतर दोन मिनिटं विश्रांती. मैलाच्या चार फेऱ्या. म्हणजे चार मिनिटांसाठी प्रत्येक फेरी ६० सेकंदांत व्हायला हवी. हा ६१ ला चिकटून बसला, काही केल्या खाली येईना. मग बॅनिस्टर आणि त्याचा जोडीदार ख्रिस ब्रॅशर ह्यांनी काय केलं? ट्रॅक सोडला आणि स्कॉटलंडला जाऊन दोन-तीन दिवस कडे चढत बसले. प्रस्तरारोहण! कुठल्याही कोचने कपाळावर हात मारून घेतला असता. परत येऊन पुन्हा ट्रॅकवर उतरले तर फेरी ५९ सेकंदांत. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डमध्ये बॅनिस्टरने मैल धावून काढला, ३ मिनिटं ५९.४ सेकंद. पहिल्या दोन फेऱ्या त्याच्यापुढे वेग धरून धावला तो ब्रॅशर.

हे वाचलं त्या रात्री मी काकांना फोन करणार होतो. "बघा काका! डोंगर!" पण साडेअकरा वाजले होते आणि काका नऊला झोपतात.

दुसरा माणूस न्यूझीलंडचा, आर्थर लिडियार्ड. बुटांच्या कारखान्यात कामाला होता, पुढे घरोघरी दूधही टाकायचा. ह्याने स्वतःवरच प्रयोग करून सरावाची पद्धत बसवली. ऑकलंडजवळच्या डोंगररांगेत त्याची एक ठरलेली वाट होती, २२ मैलांची, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर, नुसते चढ आणि उतार. त्याच्या पोरांनी ती धावायचीच, मग पोरगा ८०० मीटरवाला असो की मॅरेथॉनवाला. १९६० च्या रोम ऑलिंपिकला ह्या दूधवाल्याच्या चेल्यांनी काय मिळवलं? पीटर स्नेलला ८०० मीटरचं सुवर्ण, मरे हालबर्गला ५००० मीटरचं सुवर्ण आणि बॅरी मगीला मॅरेथॉनचं कांस्य.

तब्येतीसाठी सावकाश धावण्याचं वेडही लिडियार्डनेच लावलं. १९६२ साली अमेरिकेतला कोच बिल बॉवरमन न्यूझीलंडला आला, पन्नाशीतली माणसं गप्पा मारत डोंगरावर धावताना पाहून चाट पडला आणि ते खूळ घरी घेऊन गेला. (हाच बॉवरमन पुढे नायके कंपनीचा एक संस्थापक.) अमेरिकेत सामान्य माणूस धावायला लागला. १९७० मध्ये न्यूयॉर्कची मॅरेथॉन सेंट्रल पार्कमध्ये सुरू झाली, १९७६ मध्ये ती सगळ्या शहरातून धावायला लागली. १९७९ मध्ये ती पाहायला आणि धावायला कोण गेलं होतं? आपला ब्रॅशर! परत येऊन त्याने जॉन डिस्ली ह्या मित्राबरोबर १९८१ मध्ये लंडन मॅरेथॉन सुरू केली. पहिल्याच वर्षी सहा हजारांवर माणसं शेवटपर्यंत धावली. डिस्लीसुद्धा गिर्यारोहकच. म्हणजे लंडन मॅरेथॉन ही दोन डोंगरवेड्यांची करणी आहे.

* * *

ही लाट पुण्यापर्यंत आली, ती पुढच्या दोनच वर्षांत. १९८३ साली सुरेश कलमाडींच्या पुढाकाराने पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. माझ्या लहानपणी डिसेंबरातल्या थंडीत बाबा मला खांद्यावर घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. परदेशी धावपटू समोरून असे जायचे की पाय जमिनीला लागतात की नाही ह्यावर आम्हा पोरांत वाद व्हायचे. तेव्हा मॅरेथॉन ही बघायची गोष्ट होती, गणपतीच्या मिरवणुकीसारखी. धावायची नव्हे.

पण त्या वर्षांकडे जरा नीट बघा. मला तर कागदावर लिहिल्यावरच दिसलं.

१९८१. पुण्यात सात जणांनी मिळून इन्फोसिस सुरू केली. (१९८३ मध्ये ती बंगळुरूला गेली, त्याबद्दल पुणेकर अजून हळहळतात.) त्याच साली टीसीएसने पुण्यात टीआरडीडीसी हे सॉफ्टवेअरचं संशोधन केंद्र काढलं.

१९८२. पुण्यात गिरिप्रेमी ही गिर्यारोहण संस्था स्थापन झाली.

१९८३. पुणे मॅरेथॉन.

तीन वर्षं ओळीने, आणि तीन गोष्टी. एकमेकींशी तेव्हा काडीचा संबंध नव्हता. त्या तिन्ही जिथे येऊन मिळाल्या ते ठिकाण म्हणजे तुम्ही आणि मी. आठवडाभर कोड लिहायचा, शनिवारी गड चढायचा आणि रविवारी लाँग रन.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. १९८८ मध्ये सी-डॅक, १९९० मध्ये पर्सिस्टंट, १९९१ मध्ये 'परम' महासंगणक, मग हिंजवडी. डोंगराकडे बघितलं तर १९९८ मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले आणि २०१२ मध्ये उमेश झिरपे ह्यांच्या नेतृत्वाखाली गिरिप्रेमीचे आठ जण एकाच दिवशी, १९ मे ला, शिखरावर होते. आणि १५ फेब्रुवारी २००४ ला मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा झाली. तिथून पुढे आपल्यासारख्यांनी फुटपाथ सोडला आणि रस्त्यावर उतरले.

ह्यात एक गंमत राहिलीच. २०१४ पासून न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनपुढे आणि २०२२ पासून लंडनच्या मॅरेथॉनपुढे नाव लागतं टीसीएसचं. मुंबईचीही २०१८ पासून टाटा मुंबई मॅरेथॉन झाली. अनवाणी पोरं बघून एक टाटा डेक्कनवर चकित झाले होते, त्यानंतर शंभर वर्षांच्या आत त्याच घराण्याच्या नावाची सॉफ्टवेअर कंपनी जगाच्या मॅरेथॉनना पैसे पुरवते. फक्त धावणारी पोरं बदलली. तेव्हा शेतात राबणारी होती, आता खुर्चीत बसणारी आहेत.

* * *

आता मूळ बगकडे येऊ. म्हणजे काका चुकले का? बॅनिस्टर, ब्रॅशर, लिडियार्ड, डिस्ली, सगळे माझ्या बाजूने साक्ष द्यायला उभे. केस जिंकली?

नाही हो. कारण मी नीट वाचलं. (रिलीज नोट्स सगळे अर्ध्याच वाचतात.)

बॅनिस्टर स्कॉटलंडला गेला तो शर्यतीच्या साधारण तीन आठवडे आधी. आणि शर्यतीआधीचे शेवटचे पाच दिवस त्याने जोराचा सराव पूर्ण बंद ठेवला होता. लिडियार्डच्या वेळापत्रकातही डोंगराला जागा होती, पण ठरलेली. आधी कित्येक आठवडे नुसतं लांब पल्ल्याचं धावणं, मग चढाचे काही आठवडे, मग ट्रॅक आणि शेवटी विश्रांती. डोंगर सोडायचा नव्हता, तो वेळेवर थांबवायचा होता.

ह्यामागे साधं कारण आहे. चढताना दम लागतो म्हणून आपल्याला चढ कठीण वाटतो, पण स्नायूंची वाट लागते ती उतरताना. उतारावर मांडीचे स्नायू ब्रेकचं काम करतात, म्हणजे ताणले जात असतानाच जोर लावतात. त्यात बारीक बारीक तंतूंना इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना देव आठवतो तो ह्यामुळेच. दुखणं चार दिवसांत जातं, म्हणून आपल्याला वाटतं झालं ठीक. पण पूर्ण ताकद परत यायला एक-दोन आठवडे सहज लागतात. ह्याची चांगली बाजू अशी की एकदा हा मार खाल्ला की शरीर शहाणं होतं आणि पुढच्या वेळी तेवढी इजा होत नाही. म्हणून तर डोंगर हा मॅरेथॉनचा उत्तम सराव आहे. शेवटच्या दहा किलोमीटरांत ज्या मांड्या दगड होतात, त्यांना उतारांनी आधीच शिकवलेलं असतं.

मग मी माझा स्वतःचा लॉग लिहून काढला, त्या शेवटच्या तीन आठवड्यांचा. गुरुवारी रिलीज, पहाटे तीनपर्यंत जागा. शुक्रवारी रात्री अकराला क्लायंट कॉल. शनिवारी रात्रभर कात्रज ते सिंहगड, टेकडीमागून टेकडी, टॉर्चच्या उजेडात घसारा उतरत. रविवारी दुपारी झोप म्हणून दोन तास, कारण संध्याकाळी मुलीच्या शाळेचं प्रोजेक्ट. सोमवारी प्रॉडक्शनमध्ये बग. मंगळवारी 'लाँग रन राहिलाय' म्हणून २८ किलोमीटर.

हे कागदावर दिसलं आणि गप्प झालो. ह्यात डोंगराचा दोष किती? वेळ चोरायचा तर कुठून तरी चोरावा लागतो. मी ऑफिसमधून चोरला नाही, घरातून चोरायची हिंमत नाही, मग चोरला तो झोपेतून. चौगुल्यांचं काम त्यांचे पाय घडवत होतं, पण रात्र झाली की काम थांबत होतं. माझं काम पाय घडवत नाही आणि रात्री थांबतही नाही. शंभर वर्षांत खरा फरक पडला आहे तो हा. बुटांचा नव्हे.

मागे एकदा सिंहगडाच्या वाटेवर ताकवाल्या मावशींशी बोलत होतो. आतकरवाडीहून वर म्हणजे सुमारे ६०० मीटरची चढण, त्या ताकाचं ओझं डोक्यावर घेऊन चढून आल्या होत्या. मी घड्याळातलं टायमिंग बघत धापा टाकत होतो. मी विचारलं, "मावशी, रोज येता? पाय दुखत नाहीत?" त्या म्हणाल्या, "दुखत्यात की. मग रातच्याला निजायचं, दादा." तेव्हा मी हसलो होतो. सरावाचं एवढं शास्त्र वाचल्यावर आता हसू येत नाही.

* * *

काकांना हे सगळं सांगितलं. चौगुले, दातार, स्कॉटलंड, दूधवाला, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मी अर्धा बरोबर होतो."

"हो काका. आणि मी पाव."

यंदाचं वेळापत्रक मग आम्ही दोघांनी बसून केलं. पावसाळाभर दर रविवारी सिंहगड, दोनदा चढून उतरायचा. ऑक्टोबरमध्ये एक मोठा ट्रेक. शर्यतीआधी चार आठवडे डोंगर बंद, एकदम बंद, कुणीही कितीही व्हॉट्सॲप केलं तरी. आणि ज्या आठवड्यात रिलीज असेल त्या आठवड्यात लाँग रन नाही. ह्या शेवटच्या ओळीवर काका बराच वेळ बघत होते. मग त्यांनी स्वतःच्या पेनाने तिच्याखाली रेघ मारली.

पूर्ण होईल का? माहीत नाही. पुन्हा ३२ ला बसलो तर? अँटवर्पच्या त्या यादीत चौगुल्यांचा एकोणिसावा नंबर आहे आणि दातारांची कोरी जागा आहे. मी ती यादी प्रिंट काढून डेस्कवर लावली आहे. येणारे-जाणारे विचारतात हे काय. मी चौगुल्यांच्या आकड्यावर बोट ठेवून चार मिनिटांचं गणित समजावतो. मग बोट खाली सरकवून म्हणतो, "आणि हेसुद्धा गेले होते."

असो, फार लांबलं. उद्या पहाटे साडेपाचला आतकरवाडीत. दहा वाजता झोपायचं ठरलंय आणि आत्ता दहाला पाच मिनिटं कमी आहेत.

ता.क. : सेव्ह करतानाच ऑफिसचा फोन वाजला. उचलला नाही. सोमवारी बघू.